एलिमेंटरी-इंटरमिजिएटची तयारी: चार पेपर, कागद, रंग आणि नेमकं बिघडतं कुठे

अमळनेरची_आई

नमस्कार मंडळी. मुलगी आठवीत आहे, यंदा चित्रकलेच्या एलिमेंटरी परीक्षेला बसतेय. शाळेत चित्रकलेचा आठवड्याला एकच तास, तोही बरेचदा गणिताला जातो. मोबाईलवर बघून चित्र छान उतरवते, पण समोर तांब्या आणि दोन वांगी ठेवली की सगळं वाकडं होतं. कुठल्या पेपरला किती सराव करावा, कागद-रंग कोणते घ्यावेत आणि मुलं नेमकी कुठे मार्क घालवतात, हे जाणकारांनी सविस्तर सांगावं. इंटरमिजिएटबद्दलही लिहिलंत तर पुढच्या वर्षी उपयोगी पडेल.

कलाशिक्षक_धुळे

ताई, आधी चौकट सांगतो. परीक्षा कला संचालनालयाची, पेपर चार, दोन दिवसांत. एलिमेंटरीत वस्तुचित्र अडीच तास, स्मरणचित्र दोन तास, संकल्पचित्र (म्हणजे दिलेल्या चौकटीतली नक्षी) अडीच तास, कर्तव्यभूमिती (कंपास-पट्टीने आकृत्या काढणं) आणि अक्षरलेखन दोन तास. इंटरमिजिएटला वस्तुचित्राच्या जागी स्थिरचित्र येतं, ते तीन तासांचं. संकल्पचित्रही तीन तास आणि भूमितीत घनभूमितीची भर पडते म्हणून तोही तीन तास. स्मरणचित्र दोनच तास राहतं.

मोबाईलवरून उतरवणं आणि समोरची वस्तू काढणं ही दोन वेगळी कामं आहेत. फोटोत वस्तू आधीच सपाट झालेली असते, कुठली कड कुठे संपते ते कॅमेऱ्याने ठरवून दिलेलं असतं. समोरच्या तांब्याचं ते सगळं मुलीला स्वतः ठरवावं लागतं. म्हणून मोबाईल बंद आणि रोज एक वस्तू, वीस मिनिटं, फक्त पेन्सिल. महिनाभर रंगाची पेटी उघडू नका.

आणि एक गोष्ट ठामपणे सांगतो. बहुतेक चित्रं पहिल्या पंधरा मिनिटांत बिघडतात. रंग लावताना बिघडलेलं दिसतं एवढंच. मांडणी कागदाच्या एका कोपऱ्यात गेली, आकार फार लहान निघाला किंवा वस्तूंची एकमेकांशी प्रमाणं चुकली, की पुढचे दोन तास कितीही सुंदर छायांकन केलं तरी श्रेणी वर जात नाही.

रेषा_जळगाव

वस्तुचित्राबद्दल लिहिते, कारण सगळ्यात जास्त गोंधळ तिथेच असतो.

सरावाला पाव इंपीरियल कागद घ्या, म्हणजे ११ बाय १५ इंच. दुकानात पूर्ण इंपीरियल शीट २२ बाय ३० इंचाची मिळते, तिचे चार तुकडे होतात. खूप महागडा हँडमेड कागद सरावाला नको. केंद्रावर मिळणारा कागद साधा कार्ट्रिजसारखा असतो. हँडमेडवर पाणी सावकाश मुरायची सवय लागली की परीक्षेत रंग एकदम पसरतो आणि मूल घाबरतं.

घरातल्याच वस्तू मांडा: पितळी कळशी किंवा तांब्या, भरताचं हिरवं वांगं, केळीची फणी आणि मागे एकरंगी ओढणी. मांडणी जमिनीवर एखाद्या पाटावर, मुलगी पाच-सहा फूट लांब. उजेड एकाच बाजूने, खिडकीतून. ट्यूबलाइट डोक्यावर असेल तर पडछाया वस्तूच्या पायातच गोळा होते आणि काहीच कळत नाही.

आता क्रम. पहिली दहा-पंधरा मिनिटं मोठ्या कागदाला हातच लावायचा नाही. कोपऱ्यात किंवा कच्च्या कागदावर काडेपेटीएवढ्या दोन चौकटी काढून मांडणी आडवी बसते की उभी ते बघायचं. मग हात पूर्ण ताठ करून, एक डोळा मिटून पेन्सिलीने मोजायचं: कळशीची रुंदी तिच्या उंचीच्या किती पट, वांगं कळशीच्या किती उंचीपर्यंत येतं. हात कोपरात वाकला की माप खोटं होतं. दरवेळी पेन्सिल डोळ्यापासून वेगळ्या अंतरावर जाते. ही एक सवय लागली तरी अर्धं काम झालं.

सगळ्या वस्तू मिळून कागदाचा साधारण दोन-तृतीयांश भाग भरला पाहिजे. वर दीड-दोन इंच जागा, खाली त्याहून थोडी कमी. मग मोठी चौकट, प्रत्येक वस्तूचा मध्यअक्ष आणि त्यानंतर बाह्यरेषा. कळशीचा अक्ष आधी नाही काढला तर एक खांदा फुगतो, दुसरा पडतो.

लंबवर्तुळात मुलं हमखास चुकतात. कळशीचं तोंड वरून बघतो म्हणून ते लंबवर्तुळ दिसतं. नजरेच्या पातळीपासून जितकं खाली, तितकं ते जास्त उघडं, म्हणजे जास्त गोल दिसतं. कळशीचा तळ तोंडापेक्षा खाली आहे, म्हणून तळाची वक्ररेषा तोंडापेक्षा जास्त बाकदार हवी. मुलं तळाला सरळ रेघ मारून मोकळी होतात, कारण "कळशी जमिनीवर सपाट टेकलीये" हे त्यांना माहीत असतं. माहीत असलेलं काढायचं नाही, दिसतं ते काढायचं. आणि लंबवर्तुळाची दोन्ही टोकं टोकदार नसतात, ती वळतात. एका सरावाला वीस लंबवर्तुळं, खांद्यापासून हात फिरवून. मनगटातून काढली की बदामासारखी होतात.

यावल_बागायतदार

केळीबद्दल एक. सगळी मुलं केळं गुळगुळीत नळीसारखं काढतात. केळ्याला धारा असतात. समोरून साधारण दोन-तीन पृष्ठं दिसतात आणि प्रत्येकाची छटा वेगळी असते. त्या धारेवर छटा एकदम बदलते, हळूहळू नाही. फणीत सगळी केळी एका देठाशी जुळतात, तो जोड आधी काढा आणि मग प्रत्येक केळं त्यातून बाहेर काढा. नाहीतर पाच केळी शेजारी ठेवल्यासारखी दिसतात, फणी दिसत नाही.

रेषा_जळगाव

अगदी बरोबर भाऊ. छायांकनाचंही तेच, प्रत्येक वस्तूचा पोत वेगळा. पितळेचा चकाकता भाग छोटा, टोकदार कडांचा, आणि त्याला लागूनच सर्वांत गडद पट्टा येतो, कारण घासलेलं पितळ आजूबाजूचं आरशासारखं परत फेकतं. मागची ओढणी लाल असेल तर कळशीच्या पोटात लालसर पट्टा दिसतो, तो घ्याच. मातीचा माठ किंवा खापर मात्र खरबरीत. तिथे उजेड विखुरतो, म्हणून प्रकाशाचा भाग मोठा, मऊ, कडा विरघळलेल्या. माठाला पितळेसारखा पांढरा ठिपका दिला की तो प्लास्टिकचा दिसतो.

पितळेला पिवळा ऑकर पायाला, मधल्या छटेला बर्न्ट सिएना आणि गडदला बर्न्ट अंबरमध्ये थोडा निळा. काळा नळीतून थेट लावू नका, भोक पडल्यासारखं दिसतं. चकाकीला कागदच पांढरा सोडायचा. नंतर पांढरा रंग लावून आणलेली चकाकी खडूसारखी बसते.

पडछाया वस्तूला चिकटलेली हवी. वस्तूजवळ गडद आणि कड स्पष्ट, लांब जाईल तशी फिकट. मधे पांढरी फट राहिली की वांगं हवेत तरंगतं.

अडीच तासांची वाटणी सांगायची तर: बघणं-मोजणं १५ मिनिटं, रेखांकन ३५, वस्तूंचे रंग ७०, कापड आणि पार्श्वभूमी २०, शेवटची नजर १०. पार्श्वभूमी शेवटच्या पाच मिनिटांवर ढकललेली चित्रं ओळखू येतात.

भुसावळ_रंगपेटी

एप्रिल-मेमध्ये सराव करताना सपाट वॉश (पातळ रंगाचा एकसारखा थर) कधीच सपाट येत नाही, पट्टे पडतात. पोस्टर रंगातही तसंच. रंग खराब आहे की हात?

कलाशिक्षक_धुळे

दोन्ही नाही, ऊन. जळगाव-भुसावळला पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला जातो आणि हवा कोरडी असते. ब्रश दुसऱ्या टोकाला पोहोचेपर्यंत पहिली कड वाळलेली असते. ओला रंग वाळलेल्या कडेवर चढला की तिथे गडद रेघ उमटते, तोच पट्टा.

उपाय असा. सराव सकाळी सात-साडेसातला. पंखा आणि कूलर चित्रावर येणार नाही असं बसा. बोर्ड वरच्या बाजूने दोन-तीन इंच उचला, म्हणजे रंगाचा ओला थेंब खालच्या कडेला सतत जमून राहतो. पुढचा फटकारा त्याच ओल्या कडेतून घ्यायचा. कागद आधी स्वच्छ पाण्याने ओला करून, पृष्ठभागाची चमक गेली पण ओल आहे अशा वेळी वॉश टाका. वॉशला एक इंची चपटा ब्रश, बारीक नाही. अर्धी वाटी पाण्यात दोन-तीन थेंब ग्लिसरीन टाकलं तर रंग वाळायला वेळ लागतो. जास्त घातलं तर चिकट राहतो.

परीक्षेच्या सुमारास पावसाळी दमट हवा असली की उलट अडचण येते. कागद लवकर वाळत नाही आणि दुसरा थर दिला की पहिला उचलून येतो. तेव्हा हाताची पाठ कागदाला लावून बघायची. गार लागलं तर आत ओल आहे. थांबायचं आणि तोवर दुसऱ्या भागावर काम करायचं. उन्हाळ्यात सराव केलेल्या मुलांना हे माहीत नसतं, म्हणून परीक्षेआधीच्या महिन्यात एकदा तरी पूर्ण वेळ लावून पेपर सोडवून घ्या.

संकल्प_चाळीसगाव

संकल्पचित्रावर कोणी लिहिलं नाही म्हणून मी.

प्रश्नात भौमितिक चौकट दिलेली असते, तिचं माप दिलेलं असतं, कुठले आकार वापरायचे ते असतं (नैसर्गिक, अलंकारिक, भौमितिक किंवा केवलाकार म्हणजे अमूर्त) आणि रंगयोजना दिलेली असते. मुलं पहिली ओळ वाचतात आणि पाठ केलेलं फूल काढायला लागतात. चौकटीचं माप एका बाजूने दोन मिलिमीटर कमी निघालं तर सगळी मांडणी तिरकी बसते. म्हणून चौरस काढून झाला की दोन्ही कर्ण मोजायचे. समान आले पाहिजेत.

मुख्य आकार किती मोठा? चौकटीच्या साधारण अर्ध्या-पाऊण भागावर त्याचं राज्य असू द्या. चार कोपऱ्यांत चार सारखी छोटी फुलं आणि मधे एक मोठं फूल ही रचना हजारो मुलं काढतात. त्यापेक्षा वेल एका कोपऱ्यातून उठून दुसऱ्या कोपऱ्याकडे वळवा. रिकाम्या जागाही आकारच असतात. आकारांमधल्या फटी कुठे एक मिलिमीटर, कुठे दोन सेंटिमीटर अशा झाल्या की नक्षी फाटल्यासारखी दिसते.

यासाठी खानदेशातल्या मुलांना एक मोठं भाग्य आहे. जळगावपासून साठेक किलोमीटरवर अजिंठा. पहिल्या आणि दुसऱ्या लेण्याच्या छतांकडे बघायला पोरांना पाठवा, आडवं झोपून बघायची वेळ आली तरी चालेल. छत लहान-मोठ्या चौकटींत विभागलंय आणि प्रत्येक चौकटीत कमळ, वेल, हंस, प्राणी असं भरलंय की कोपरा कुठेच रिकामा नाही आणि गर्दीही नाही. पहिल्या लेण्यात कमळांमधला हत्ती बघा, त्याचं अंग चौकटीत कसं वळवलंय ते. रंग मोजकेच: लाल-पिवळी माती, चुन्यासारखा पांढरा, काजळीचा काळा, हिरवा आणि थोडा निळा. एवढ्यात सगळं केलंय. वही आणि पेन्सिल घेऊन जा. सोमवारी लेणी बंद असतात, तो वार टाळा. फर्दापूरच्या फाट्याजवळ गाडी ठेवून पुढे तिथल्या बसने जावं लागतं.

रंगांची चूक सांगतो. प्रश्नात पूरक रंगयोजना (रंगचक्रात समोरासमोर येणारे रंग) आली की मुलं लाल आणि हिरवा दोन्ही सारख्या जागेत, सारख्या तेजाने भरतात. दोघं भांडतात आणि डोळा दुखतो. एकाला साधारण सत्तर टक्के जागा द्या, दुसऱ्याला उरलेली. त्यातही एकात पांढरा किंवा काळा मिसळून छटा बदला. काम झाल्यावर डोळे किलकिले करून बघा. आकार पार्श्वभूमीत मिसळला तर दोन्हींची छटा सारखी झालीय, रंग कितीही वेगळे असोत.

पोस्टर रंग घट्ट ताकासारखा हवा. दह्यासारखा घट्ट लावला की वाळल्यावर तडकतो, पाण्यासारखा पातळ केला की खालची पेन्सिल दिसते. एका आकाराला लागणारा सगळा रंग एकदाच तयार करा, थोडा जास्तच. मधे संपला तर तीच छटा पुन्हा मिळत नाही. आणि लक्षात ठेवा, गडद पोस्टर रंग वाळल्यावर थोडा फिका पडतो आणि फिका रंग थोडा गडद होतो. म्हणून आधी कागदाच्या तुकड्यावर लावून वाळू द्या. फिके रंग आधी, गडद नंतर. कड शेवटी, शून्य नंबरच्या ब्रशने.

चोपडा_रेघोटी

स्मरणचित्रासाठी दोन-तीन चित्रं पाठ करून जावं असं सगळे सांगतात. बाजार, सण, पावसातला रस्ता. जो विषय येईल त्यात बसवायचं. पास व्हायला पुरतं ना?

कलाशिक्षक_धुळे

क श्रेणीपर्यंत कधी कधी पुरतं. त्यापुढे अडचण अशी की प्रश्न नेमका असतो. "पोळ्याच्या दिवशी बैल सजवणारं कुटुंब" विचारलं आणि पाठ केलेली पोळ्याची मिरवणूक काढली, तर सजवणं कुठे आहे? प्रश्नात किती माणसं हवीत ते लिहिलेलं असतं, तेही मोजून काढा. शिवाय एकाच क्लासची चाळीस मुलं तेच चित्र काढतात आणि तपासणाऱ्याच्या टेबलावर ती एकावर एक येतात.

चोपडा_रेघोटी

मग पाठ करायचंच नाही का काही? एवढ्या वेळात मूल नव्याने कसं सुचवणार?

रेषा_जळगाव

पाठ करा, पण माणसं आणि जनावरं. अख्खं चित्र नाही.

उभा मोठा माणूस साडेसात डोक्यांइतका, आठ-दहा वर्षांचं मूल साधारण साडेसहा. बसलेला, वाकलेला, डोक्यावर ओझं घेतलेला, सायकल धरलेला, पाठमोरा: अशा दहा-बारा स्थिती काड्यांच्या माणसांनी रोज काढा. त्यावर कपडे चढवा. आपल्याकडचे लोक काय नेसतात ते बघा, नाहीतर मुलं पुस्तकातली चौकोनी फ्रॉकवाली बाई बाजारात उभी करतात.

बैलाला वशिंड, गळ्याची पोळी आणि मागच्या पायाचा मागे निघालेला सांधा. मुलं चारही पाय खांबासारखे काढतात. मागच्या पायाचा तो सांधा दाखवला की बैल लगेच उभा राहतो. झूल, घुंगरमाळा, शेंब्या (शिंगांच्या टोकांची टोपणं), शिंगाचा रंग हे नंतर. सारंगखेड्याच्या यात्रेचा (तिथे घोड्यांचा बाजार भरतो) विषय काढायचा असेल तर घोड्यालाही तोच नियम, फक्त मान लांब आणि पाय सडपातळ.

गर्दी काढायला सोपा नियम: बघणारा उभा असेल तर सपाट जमिनीवर उभ्या असलेल्या, सारख्या उंचीच्या सगळ्या माणसांची डोकी क्षितिजरेषेवर येतात. जवळचा माणूस मोठा, त्याचे पाय खाली, पण डोकं त्याच रेषेवर. लांबचा लहान, पाय वर, डोकं त्याच रेषेवर. ही एक रेषा पाळली की आठवडी बाजार खरा दिसतो. न पाळल्यास मागची माणसं झाडावर चढल्यासारखी दिसतात.

आणि चित्रात एकच मुख्य गोष्ट असू द्या. कानबाईची, म्हणजे आपल्या खानदेशातल्या देवीची, मिरवणूक असेल तर डोक्यावर कानबाई घेतलेली बाई मोठी, जवळ, उजेडात. बाकी लोक तिच्याकडे बघणारे. सगळे सारख्या आकाराचे आणि प्रेक्षकाकडे तोंड करून उभे असले की तो शाळेचा ग्रुप फोटो होतो.

सातपुडा_पायवाट

आमच्या भागात, नंदुरबारच्या डोंगराकडच्या शाळांत, मुलं भोंगऱ्याच्या (होळीच्या आधी भरणाऱ्या आदिवासी) बाजाराचं चित्र काढतात तेव्हा ढोल, बासरी, पोशाख सगळं त्यांना डोळ्यांसमोर असतं. पण शिक्षक म्हणतात "शहरी बाग काढ". असं करू नका. जे मूल रोज बघतं त्यातच त्याचा तपशील खरा येतो. पोर्‍या हुशार शे, त्याला त्याचं जगच काढू द्या.

भूमिती_नंदुरबार

आता माझा पेपर. यात पूर्ण गुण मिळू शकतात, कारण उत्तर बरोबर किंवा चूक. तरी मुलं यालाच सर्वांत कमी वेळ देतात.

पेन्सिली दोन: रचनारेषांना टू-एच, उत्तराच्या रेषांना एचबी. रचनारेषा पुसायच्या नाहीत, त्या बारीक दिसल्याच पाहिजेत. तपासणारा त्यावरून पद्धत बघतो. कंपासाचं शिसंही टू-एचचंच, सँडपेपरवर तिरकं घासून छिन्नीसारखं केलेलं. बोथट शिशाने काढलेला कंस एक मिलिमीटर जाड येतो आणि छेदनबिंदू कुठला ते कळत नाही.

पंचकोनाची सर्वसाधारण पद्धत. समजा बाजू ५ सेंमी. एबी काढा, लंबदुभाजक वर लांब न्या. एबीवर चौरस कल्पिला तर त्याचे कर्ण छेदतात तो बिंदू ४, म्हणजे एबीपासून २.५ सेंमी वर. ए आणि बी केंद्र धरून ५ सेंमीचे कंस मारले की ते लंबदुभाजकावर छेदतात तो बिंदू ६. बिंदू ४ आणि ६ यांचा मध्य म्हणजे बिंदू ५. बिंदू ५ केंद्र, ए पर्यंत त्रिज्या, वर्तुळ काढा.

आता इथे चूक होते. मुलं ए पासून एकाच दिशेने ५ सेंमीचे कंस मारत फिरतात आणि शेवटी बी ला दीड मिलिमीटर जुळत नाही. मग घाबरून पुसतात. चूक त्यांची नाही, ही पद्धतच अंदाजी आहे. खरा मध्य बिंदू ५ पेक्षा किंचित वर असतो. म्हणून ए कडून एक कंस, बी कडून एक कंस, आणि वरचा बिंदू लंबदुभाजक वर्तुळाला जिथे छेदतो तोच घ्यायचा. मग फरक वरच्या दोन बाजूंत अर्धा-पाऊण मिलिमीटर असा वाटला जातो आणि आकृती सममित राहते. याच पद्धतीने सप्तकोन, अष्टकोन काढाल तर फरक वाढतो, तिथेही दोन्ही बाजूंनी वर या.

इंटरमिजिएटच्या घनभूमितीतलं एक उदाहरण. षट्कोनी लोलक (प्रिझम), तळाची बाजू ३ सेंमी, उंची ६ सेंमी, तळावर उभा. तळाची एक बाजू एक्स-वाय रेषेला (दोन दृश्यांमधली आडवी रेषा) समांतर असेल तर खाली प्लॅनमध्ये (वरून दिसणारं दृश्य) षट्कोन काढा आणि सगळ्या शिरोबिंदूंतून वर लंब न्या. एलिव्हेशनची (समोरून दिसणारं दृश्य) रुंदी ६ सेंमी, उभ्या कडा ०, १.५, ४.५ आणि ६ वर. तीन पृष्ठं दिसतात. तुटक रेषा लागत नाहीत, कारण मागच्या कडा पुढच्यांच्या बरोब्बर मागे दडतात. पण तीच बाजू एक्स-वायला लंब ठेवली तर रुंदी ५.२ सेंमी होते, कडा ०, २.६ आणि ५.२ वर, आणि दोनच पृष्ठं दिसतात. मुलं प्रश्न नीट न वाचता नेहमी पहिलाच काढतात. प्लॅन आधी काढा. एलिव्हेशन आधी काढून मग प्लॅन त्यात बसवायला गेलात की फसलात.

भुसावळ_रंगपेटी

अक्षरलेखन राहिलं.

भूमिती_नंदुरबार

थोडक्यात. अक्षरं काढण्याआधी शब्दाचा हिशोब करायचा. "खानदेश" १८ सेंमी जागेत बसवायचा, उंची ४ सेंमी. ख ला ४.५, काना १, न ३, दे २.५, श ३.५, एकूण १४.५. चार मोकळ्या जागा अर्ध्या सेंमीच्या, २. उरले १.५, दोन्ही बाजूंना पाऊण-पाऊण. आता डोळ्याने दुरुस्ती: ख ची दांडी आणि शेजारचा काना या दोन उभ्या रेघा जवळ आल्या की चिकटल्यासारख्या दिसतात, तिथे अंतर किंचित वाढवा. गोल आकाराशेजारी अंतर कमी करा. मात्रेसाठी शिरोरेखेवर जागा आधीच सोडा. शिरोरेखेची जाडी आणि दांड्यांची जाडी सारखी ठेवा.

संकल्प_चाळीसगाव

स्थिरचित्रासाठी एक सुचवणी. चाळीसगावला कलामहर्षी केकी मूस (१९१२–१९८९) यांचं घर आता संग्रहालय आहे. टेबलावर छोट्या वस्तू मांडून, उजेड नेमका फिरवून काढलेली त्यांची छायाचित्रं तिथे बघायला मिळतात. प्रकाश कुठून आला आणि सावली किती लांब गेली हे मुलांना दाखवायला यापेक्षा चांगली जागा जवळपास नाही. दिव्याखाली एक दगड ठेवून तो दिवा चार बाजूंना फिरवून बघणं हा सराव घरीही करता येतो.

अमळनेरची_आई

सगळ्यांचे आभार. घरातून विचारलं जातंय की दहावीला याचा उपयोग काय. आणि मुलगी डावखुरी आहे, तिला काही वेगळं सांगावं लागेल का?

कलाशिक्षक_धुळे

दहावीचं: इंटरमिजिएटच्या श्रेणीवर बोर्डाचे वाढीव गुण मिळतात. अ श्रेणीला ७, ब ला ५, क ला ३. जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही जिल्हे नाशिक विभागीय मंडळात येतात. प्रस्ताव शाळेमार्फत जातो, म्हणून प्रमाणपत्र शाळेत वेळेवर द्या. प्रमाणपत्र कपाटात राहिल्याने गुण गेलेली मुलं दरवर्षी असतात. पुढे बारावीनंतर चार वर्षांच्या बीएफए या कला पदवीसाठी जी कला सीईटी आहे, तिच्यातही वस्तुचित्र, स्मरणचित्र आणि संकल्पचित्र असतंच. म्हणजे आठवीतला हा सराव वाया जाणार नाही. पण फक्त ७ गुणांसाठी मुलीला बसवू नका, ताई. तिला बघायला शिकवा, गुण मागून येतात.

रेषा_जळगाव

डावखुरीसाठी: उजेड उजव्या बाजूने यायला हवा, नाहीतर स्वतःच्या हाताची सावली कागदावर पडते. केंद्रावर खिडकी कुठल्या बाजूला आहे ते बघून पर्यवेक्षकांना पेपर सुरू होण्याआधीच विचारावं. छायांकन आणि वॉश उजवीकडून डावीकडे न्यावा, म्हणजे ओल्या भागावर मनगट घासत नाही. पाण्याचं भांडं डाव्या बाजूला. भूमितीत हाताखाली कोरा कागद ठेवावा, एचबीची रेष मनगटाने फासली जाते. अक्षरलेखनात दोन-तीन अक्षरांचं रेखांकन आधी पूर्ण करून रंग उजवीकडच्या अक्षरापासून भरावा. आणि कंपास ती डावीकडे फिरवत असेल तर फिरवू द्या. कंस दोन्हीकडून सारखाच येतो.